प्रचारक दांपत्य, मुक्काम विनिपेग

१२ नोव्हेंबर २०२४, लातूर

नवी वही. या वहीत फक्त प्रचारकार्याची नोंद करायची. घरगुती विषय आणायचे नाहीत. नियम आजपासून लागू.

शरण प्रसार समितीने आज निरोप समारंभ केला. बाराव्या शतकातल्या शरण संतांचा समतेचा विचार पसरवणारी ही समिती. शाल, नारळ, हार. सचिव चन्नबसप्पांनी भाषणात मला 'समतेचा समुद्रापारचा आवाज' म्हणलं. त्यात खोटं काही नाही. चौतीस वर्षं एसटीत काढली, शेवटची अकरा नांदेडच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून. माईकवर मी गाडी पुकारली की फलाटावर झोपलेली म्हातारी माणसंसुद्धा उठून बरोबर आपल्याच गाडीत बसायची.

ज्येष्ठ प्रचारक दांपत्य म्हणून सहा महिने परदेशी जायचं आहे. चन्नबसप्पांनी तीन गावं पुढे ठेवली होती. मेलबर्न उबदार, तिथे समितीची चाळीस घरं. मी क्षणात विनिपेग म्हणलो. कॅनडा. तिथे समितीचं घर एकच, आणि थंडी अशी की नळाचं पाणी नळातच बसतं. पण जिथे कोणी जात नाही तिथे जाणं यालाच निष्ठा म्हणतात. चन्नबसप्पांचे डोळे भरून आले.

संकल्प : सहा महिन्यांत शंभर माणसं.

 कमलम्मा दिवसभर बॅग भरत होती. ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, भस्माच्या गोळ्या, आणि एक परकर-पोलकं, पाच-सहा वर्षांच्या पोरीच्या मापाचं. हे कशाला म्हणून विचारलं. म्हणाली, प्रचाराला.

१५ नोव्हेंबर, विनिपेग

पोचलो. उणे चौदा. लातूरच्या मानाने हवा गार आहे, पण कोरडी असल्यामुळे त्रास होत नाही.

तासाभराने : त्रास होतो. पहिलं दर्शन आपल्या पोशाखात घडावं म्हणून विमानतळाबाहेर धोतरावर उभा राहिलो. श्रीशैलला गाडी आणायला चार मिनिटं लागली. तेवढ्यात धोतर पापडासारखं कडक झालं. कमलम्माने अंगावरची गोधडी काढून मला गुंडाळली आणि तिसरीकडे बघत उभी राहिली.

श्रीशैल म्हणजे समितीचं ते एकमेव घर. निलंग्याचा, कॉम्प्युटरवाला, स्वभावाने गुणी. आम्हाला तळघर दिलंय. खिडकी छताला लागून आहे, त्यातून रस्त्याने जाणाऱ्यांचे फक्त बूट दिसतात. प्रचाराच्या दृष्टीने जागा मोक्याची, वर्दळीचा अंदाज येतो. आजची वर्दळ : दोन बूट. एकाच माणसाचे.

१८ नोव्हेंबर, सकाळी ७.१०

पूजेत धूप लावला. छतावरचं एक यंत्र कोकलायला लागलं, बंद होईना. थोड्या वेळात अग्निशमनची लाल गाडी दारात. चार धिप्पाड माणसं शिरस्त्राणं घालून तळघरात उतरली. श्रीशैल त्यांची माफी मागत होता. मी मात्र संधी साधली. चौघांच्या हातात पत्रक दिलं, समतेवर पाच मिनिटं बोललो. सगळ्यात उंच होता त्याने मान हलवली.

पहिली सभा. उपस्थिती : चार.

श्रीशैल म्हणाला, काका, धूप नको. उद्यापासून धूप बंद. श्रद्धा महत्त्वाची.

२४ नोव्हेंबर, रविवार

लायब्ररीतली खोली श्रीशैलने मिळवून दिली. व्याख्यान पहिलं : शरण कोण होते? उपस्थिती तीन. श्रीशैल, कमलम्मा आणि एक गोरा म्हातारा. म्हातारा शेवटपर्यंत डोळे मिटून एकाग्र बसला होता. नंतर कळलं, तो रोज तिथे ऊब घ्यायला येतो. तरी पण माझ्याच खोलीत का आला, याचा विचार केला पाहिजे.

इथली सिटी बस मात्र बघत राहावी. उणे वीसमध्ये मिनिटाला मिनिट. ड्रायव्हर खाली वाकून म्हाताऱ्या बाईची ढकलगाडी वर घेतो. आमच्या डेपोत असा एक असता तर मी त्याचं नाव माईकवर घेतलं असतं.

१ डिसेंबर

नियम मोडून एक घरगुती नोंद करावी लागते. पुढे गैरसमज नको.

मंजुषा याच शहरात राहते. हा योगायोग आहे. कॅनडा फार मोठा देश आहे, ती कुठेही असू शकली असती.

वस्तुस्थिती अशी. २०१६, नांदेड. मंजू नर्सिंग संपवून नोकरीला लागली होती. एक दिवस म्हणाली, अप्पा, मला रविकिरणशी लग्न करायचंय. कंधारचा मुलगा, बौद्ध घरातला. मी नाही म्हणलो. जातीचा प्रश्न नव्हता. जात आपण मानतच नाही, शरणांनी नऊशे वर्षांपूर्वीच ती मोडीत काढली. प्रश्न विचारून न करण्याचा होता. तिने विचारलं होतं हे खरं आहे, पण विचारण्याची पद्धत होती, तिचा प्रश्न होता. मी म्हणलो, मंजू, तुझ्या भल्यासाठी सांगतोय, हा विषय इथेच संपव. तिने रजिस्टर लग्न केलं. त्याच वर्षी मी रिटायर झालो आणि आम्ही लातूरला आलो. नवं गाव, नवी माणसं. त्यानंतर बोलणं नाही. रागामुळे नाही. वेळ मिळाला नाही.

तिला एक मुलगी आहे हे कमलम्माला कुठून तरी कळलेलं. नाव धम्मप्रिया.

विषय संपला. उद्यापासून पुन्हा प्रचार.

९ डिसेंबर

दुपारी बेल वाजली. दारात एक गोरं म्हातारं जोडपं, छातीवर नावाची काळी पट्टी, हातात पुस्तक. त्यांच्या चर्चचे प्रचारक! अमेरिकेतून दीड वर्षासाठी आलेत. म्हाताऱ्याचं नाव डेल, वय एकाहत्तर, मिशा गोठलेल्या. आत बोलावलं. कमलम्माने ज्वारीची भाकरी आणि चटणी दिली. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी आलं, चटणी तिखट होती. त्यांनी मला पत्रक दिलं, मी त्यांना दिलं. व्यवसायातल्या माणसाला भेटून बरं वाटलं.

दार कसं वाजवायचं हे डेलने शिकवलं. बेल एकदाच. मग तीन पावलं मागे. हसरा चेहरा. पहिलं वाक्य पाठ पाहिजे, कारण थंडीत डोकं चालत नाही.

मग म्हातारीने फोनवर नातवंडांचे फोटो दाखवले. एकोणीस नातवंडं. आणि तुम्हाला? मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो तेवढ्यात कमलम्मा इंग्रजीत बोलली. आयुष्यात पहिल्यांदा. वन गर्ल. हिअर. ट्वेंटी मिनिट.

डेल दांपत्य माझ्याकडे बघायला लागलं. कमलम्माचं इंग्रजी कच्चं आहे, त्यामुळे त्यांचा गैरसमज झाला असावा.

संकल्प : मीही घरोघर जायचं. नावाची पट्टी करून घ्यायची.

१६ डिसेंबर. उणे चोवीस

घरोघर प्रचार सुरू. आज अकरा दारं. सात उघडली नाहीत. तीन ठिकाणी 'नो थँक्यू'. एका बाईने मला बघून आधी आत ओढलं, हात चोळले, गरम पाणी दिलं आणि पोलिसांना फोन लावला. मी वाट चुकलेला म्हातारा आहे असं तिला वाटलं. पोलीस सभ्य होता. घरी सोडलं. गाडीत त्यालाही पत्रक.

लोकरीच्या टोपीखाली कपाळावरचं भस्म फिसकटतं, टोपी काढली की मी आजारी दिसतो असं श्रीशैल म्हणतो. उपाय शोधला पाहिजे.

कमलम्माने महिला शाखा काढली आहे. दर मंगळवार-शुक्रवारी बसने जाते, संध्याकाळी येते. एकटी! लातूरला ही बाई गंजगोलाईच्या बाजारात माझ्याशिवाय जात नसे. सदस्यसंख्या विचारली. म्हणाली, दोघी. परवा शुक्रवारी आली तेव्हा तिच्या पदराला रंगीत खडूचे डाग होते आणि केसांत कुणीतरी प्लॅस्टिकचं फुलपाखरू लावलं होतं. बायकांचा प्रचार वेगळ्या पद्धतीने चालत असावा.

२२ डिसेंबर

व्याख्यान चौथं. उपस्थिती : पाच. वाढ स्पष्ट आहे.

२७ डिसेंबर

कमलम्माने आज भाकरी करता करता सांगितलं. माझ्याकडे पाठ होती. मंजू म्हणते, अप्पाला या म्हणावं. रविवारी जेवायला. काही बोलू नका, माफी बिफी काही नको. फक्त दारातनं आत या, सगळ्यांसंगं ताटावर बसा. बाकी नऊ वर्षांचं मी बघून घेते.

मी विचारलं, ही भेट कधी झाली? ती म्हणाली, नोव्हेंबरपासून होऊन राहिली. तुम्हाला ठाऊक हाय. मला ठाऊक नव्हतं. अंदाज होता, पण अंदाज वेगळा.

जावई सिटी बसवर ड्रायव्हर हायत, म्हणाली.  ड्रायव्हरला मी चौतीस वर्षं ओळखतो.

ठरलं. ५ जानेवारी, रविवार, दुपारी एक. जायचं. यात बदल नाही.

५ जानेवारी २०२५

घसा बसला. अशा घशाने लहान मुलाच्या घरी जाणं बेजबाबदारपणाचं. कमलम्मा एकटी गेली. पुढचा रविवार नक्की.

१२ जानेवारी

उणे एकतीस. रेडिओवर सांगितलं, गरज नसेल तर बाहेर पडू नका. सरकारी सूचना आहे. कमलम्मा गेली. म्हणाली, मला गरज हाय.

१९ जानेवारी

डावा बूट चावतो. नवे बूट येईपर्यंत थांबणं भाग आहे. कमलम्माने माझा बूट स्वतःच्या पायात घालून तळघरात चार चकरा मारल्या. म्हणाली, कुठं चावतो? मी म्हणलो, सगळ्यांच्या पायाची ठेवण सारखी नसते.

संध्याकाळी ती डबा घेऊन आली. शेंगदाण्याची पोळी. मंजूच्या हातची. मला गोड चालत नाही. एक खाल्ली. मग दोन. वेलदोडा थोडा जास्त. आधीपासून ती जास्तच घालते.

२ फेब्रुवारी

आजवरचं सर्वोत्तम व्याख्यान. विषय : समता. श्रीशैलने ऑफिसातले लोक आणले, उपस्थिती अकरा. मी कर्नाटकातल्या कल्याणच्या लग्नाची हकीकत सांगितली. शरणांनी ब्राह्मणाच्या लेकीचं आणि चर्मकाराच्या मुलाचं लग्न लावलं, राजाने दोघांच्या बापांना हत्तीच्या पायी बांधून फरफटत नेलं, पण शरण हटले नाहीत. माझा आवाज असा लागला की खोलीबाहेरचे दोघं दारात येऊन उभे राहिले. शेवटी म्हणलो, माणसाला माणूस म्हणून घरात घेतल्याशिवाय देव घरात येत नाही. टाळ्या. कमलम्मा त्याच्या आधीच उठून बाहेर गेली होती. तिला बंद खोलीत गुदमरतं.

मागे एक माणूस उभा होता. बस ड्रायव्हरचा गणवेश, वर जाड जॅकेट. खुर्ची रिकामी असून बसला नाही. सगळे गेल्यावर त्याने न सांगता खुर्च्या घड्या करून भिंतीला लावल्या. जाताना माझ्यासमोर आला, हात जोडले, म्हणाला, लई चांगलं बोलता तुम्ही. बोलणं आपल्याकडचं वाटलं. मी धन्यवाद म्हणून पत्रक दिलं. त्याने घडी घालून वरच्या खिशात ठेवलं. नाव विचारायचं राहिलं.

परत येताना बसमध्ये कमलम्मा खिडकीकडे तोंड करून बसली होती. म्हणाली, ड्युटी बदलून आलते ते. तुम्ही त्यांला वळखलं न्हाई?

उजेड कमी होता.

(उजेड भरपूर होता. मी ओळखलं. तो हात जोडून उभा होता आणि मला पहिलं वाक्य सुचेना.)

१० फेब्रुवारी

आता स्वतःहून जायचं. आमंत्रणाशिवाय, अचानक. त्यात मोठेपणा दिसतो. कमलम्मालाही सांगायचं नाही.

बोलण्याचा मसुदा केला. मसुदा एक : मंजू, झालं ते झालं. रद्द, यात चूक कुणाची हे स्पष्ट होत नाही. मसुदा दोन : मंजू, मी तुला माफ केलं आहे. हा कमलम्माच्या पिशवीत चुकून गेला. तिने वाचला, चार तुकडे केले आणि माझ्या उशीवर ठेवले. मसुदा तीन जरा लांबला, अकरा पानं. मसुदा चार : मंजू, मी आलोय.

चौथा बरा वाटतो. पाठ करतोय.

२ मार्च, रविवार

गेलो. बस क्रमांक, थांबा, घर, सगळं बरोबर सापडलं. भेट झाली नाही. घरी कोणी नव्हतं. परतीची बस वेळेवर होती.

५ मार्च

दुरुस्ती. २ मार्चच्या नोंदीत घरी कोणी नव्हतं असं लिहिलंय, ते बरोबर नाही.

बेल एकदाच वाजवली. तीन पावलं मागे. मसुदा चार तोंडात तयार होता. दार उघडलं ते पोरीने. स्वेटरवर ते परकर-पोलकं, खाली जाड पँट. हनुवटी मंजूचीच. ती मंजूसारखीच मान वाकडी करून बघत होती. हू आर यू, म्हणाली.

मी वाकलो. मंजू आतून येईल असं धरून चाललो होतो. पोरीसाठी मसुदा केलाच नव्हता. डोकं बंद पडलं. अडीच महिने रोज दारोदार जे म्हणत होतो तेच तोंडातून बाहेर पडलं. गुड आफ्टरनून, आय ॲम फ्रॉम शरण समिती, डू यू हॅव फाइव्ह मिनिट्स? हात आपोआप पुढे गेला. हातात पत्रक होतं.

तिने ते घेतलं. नीट शिकवल्यासारखं म्हणाली, नो थँक्यू, वी आर नॉट इंटरेस्टेड. आतून कुकरची शिट्टी झाली आणि मंजूचा आवाज आला, कोण हाय गं? नऊ वर्षांनी तो आवाज ऐकला. जाड झालाय. पोरगी मागे वळून ओरडली, कुणी न्हाई आई, चर्चवाले. आणि दार लावलं. आपटलं नाही. हळूच लावलं.

मी तिथे उभा होतो. किती वेळ ते लिहीत नाही. पापण्या चिकटल्या तेव्हा निघालो.

पत्रकावर मागे माझा फेट्यातला फोटो आहे, हे मंजूने काल पाहिलं. पोरीने त्यावर मिशा रंगवायला घेतल्या होत्या. कमलम्माने आज येऊन सगळं सांगितलं, कोट न काढता, उभ्यानेच. मंजू म्हणाली, अव्वा, नऊ वर्षं मी मनात घोकत होते, अप्पा दारात आले तर काय म्हणू. आधी भांडू का आधी पाणी देऊ. ते आले, अन् माझ्या लेकराला कागद देऊन गेले. आता येऊ नका म्हणावं. माझ्यात परत उघडायचं बळ न्हाई.

मी म्हणलो, पोरगी अचानक आली, मला सुचलं नाही. कमलम्मा म्हणाली, 'मी तुझा अज्जा' एवढं सुचाया किती लागतं?

 चौतीस वर्षांत प्रवाशाच्या प्रश्नाला उत्तर नाही असं कधी झालं नव्हतं.

९ मार्च

कमलम्मा मंजूकडे राहायला गेली. तात्पुरती बदली. तिकडे काम जास्त आहे.

न्यायला तोच आला होता, रविकिरण. आत आला नाही, वर गाडीपाशी उभा राहिला. खिडकीतून त्याचे बूट दिसत होते. बराच वेळ होते. एकदा पायऱ्यांच्या दिशेने दोन पावलं आले, मग थांबले. मी वर जायला पाहिजे होतं का? कमलम्मा बॅग उचलून निघाली, दारात म्हणाली, बीपीची गोळी डब्यात सकाळ-संध्याकाळ वेगळी करून ठेवली हाय. भाकरी फ्रीजमध्ये, चार दिवस पुरतील. पुढचं तुमचं तुम्ही बघा. मी लई वर्षं बघितलं.

२३ मार्च

व्याख्यान. उपस्थिती : ऊब घ्यायला येणारा म्हातारा. आज त्याला हकीकत सांगितली नाही. दोघंही डोळे मिटून बसलो. वेळ संपल्यावर त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला.

६ एप्रिल

पत्र लिहिलं. मंजूला. मसुदा नाही, एकदाच लिहिलं. चुकलं माझं, आणि जातीमुळेच नाही म्हणलो होतो, असं लिहिलं. लिहिल्यावर वाचलं आणि लगेच पाकीट चिकटवलं. श्रीशैलजवळ दिलं, पोस्टात टाक म्हणून.

७ एप्रिल

श्रीशैलला पत्र परत मागितलं. पत्ता चुकला असावा असं वाटलं. त्याने गाडीतून आणून दिलं. काका, पत्ता बरोबर आहे, म्हणाला. मी तपासून घेतो म्हणलो.

२० एप्रिल

तपासतोय.

बर्फ वितळतोय. रस्त्यावर चिखल. कमलम्माचा फोन. तिने मुक्काम वाढवायचा अर्ज केला आहे, मंजूने कागद भरले. माझा? मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

१२ मे, विमानतळ

श्रीशैल येणार होता सोडायला. दुपारी दारात निळी गाडी, स्टिअरिंगवर मंजू. कमलम्मा पुढे तिच्या शेजारी. मी मागे. मंजूने वळून बघितलं नाही. पट्टा लावा, एवढं म्हणाली.

पस्तीस मिनिटं. तिची मान आणि अर्धा कान दिसत होता. केस पांढरे झालेत. पस्तिशीत. कानामागे जन्मखूण आहे, ती विसरलो होतो. गाडी सफाईने चालवते, सिग्नल देते, पिवळ्याला थांबते. पत्र कोटाच्या आतल्या खिशात होतं. पुढच्या सिग्नलला द्यायचं ठरवलं. मग त्याच्या पुढच्या. सगळे सिग्नल हिरवे लागले. एक लाल लागला. तिने आरशात बघितलं. आमची नजर आरशात भेटली. तिचे डोळे भरलेले होते. ती थांबली होती, मी बोलावं म्हणून थांबली होती, मागच्या गाडीने हॉर्न दिला तरी.

मी म्हणलो, गाडी ॲव्हरेज किती देते?

ती म्हणाली, माहीत न्हाई, अप्पा.

उतरल्यावर तिने बॅग काढली, चाकं सरळ केली, हँडल माझ्या हातात दिलं. गोळ्या हातातल्या पिशवीत घेतल्या का, विचारलं. हाव म्हणलं. कमलम्माने माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं. मग त्या दोघी गेल्या. धम्मप्रियाची शाळा सुटायची वेळ झाली होती.

पत्र खिशात आहे.

१९ मे, लातूर, दुपार

एक्केचाळीस अंश. घर उघडलं, झाडलं. एकाच माणसाचं वरण किती लावायचं ते कळत नाही.

चन्नबसप्पा आले, पेढे घेऊन. समितीच्या वार्षिक अंकात विनिपेगचा अहवाल छापायचा आहे. विमानात लिहिला होता, तो वाचून दाखवला. एकूण संपर्क दोनशे बारा. ते खूष. वहिनी कुठायत? म्हणलं, तिकडची महिला शाखा सांभाळायला ठेवलंय. चन्नबसप्पांनी पेन काढलं. मोठं काम हाय, शाखेचा पत्ता द्या, ठळक छापू. घर कुणाचं?

मी म्हणलो, लेकीचं.

पेन थांबलं. तुम्हाला लेक हाय? आठ वर्षं हा माणूस रोज संध्याकाळी माझ्या घरी चहा पितो.

हाय म्हणलं.

बरं, नाव सांगा पूर्ण. सांगितलं. मंजुषा रविकिरण सोनकांबळे. चन्नबसप्पांनी मंजुषा लिहिलं, रविकिरण लिहिलं, आणि माझ्याकडे बघितलं. पेनाचं टोपण लावलं. बराच वेळ पेढ्याच्या बॉक्सची दोरी गुंडाळत बसले. मग खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाले, मलप्पा, तुमच्या भल्यासाठी सांगतोय. अंक सगळीकडे जातो. लोक शंभर गोष्टी विचारतील. एवढी एक ओळ गाळू. शाखा, विनिपेग, बास.

तुमच्या भल्यासाठी. हे मी कुठे ऐकलंय ते मला माहीत होतं. मीच म्हणलो होतो, नांदेडला, स्वयंपाकघराच्या दारात, मंजूला. आता छापा म्हणायचं होतं. चन्नबसप्पा वाट बघत होते.

मी म्हणलो, गाळा.

ते गेले. चहा कुणीच प्यायला नाही.

इथे लिहून ठेवतो. मुलगी मंजुषा रविकिरण सोनकांबळे, नर्स. जावई रविकिरण, सिटी बसवर ड्रायव्हर. नात धम्मप्रिया, वय सहा. बायको कमलम्मा, सध्या त्यांच्याकडे. सगळे विनिपेगला असतात. माझी माणसं आहेत.

ही वही कुणी वाचत नाही.